राशोलची इगर्ज आणि एक मराठी पुराण

बिदरला महमूद गवानाच्या मदरशापुढे उभे राहिले म्हणजे आमच्या सीमाभागातील माणसाला कलबुर्गी आठवते, विजापूर आठवते, फार तर दौलताबाद आठवते. गोवा आठवत नाही. वस्तुतः ज्या १४७२ साली हा मदरसा उभा राहिला, त्याच साली गवानाने विजयनगराच्या हातून गोवे घेऊन बिदरच्या राज्याला जोडले होते. पुढे बहामनी राज्य फुटले, गोवे आदिलशाहीच्या वाट्यास गेले आणि १५१० मध्ये पोर्तुगीजांनी ते बेट कायमचे घेतले. परंतु बेटाच्या दक्षिणेकडील साष्टी महाल आणखी बरीच वर्षे दख्खनच्याच राजकारणात ओढला जात राहिला. ह्या महालाची राखण करणारा किल्ला झुआरी नदीकाठी होता. त्याचे नाव रायतूर. आज त्यास राशोल म्हणतात. कृष्णदेवरायाने १५२० मध्ये तो आदिलशहाकडून घेऊन पोर्तुगीजांना देऊ केला. तो पुन्हा आदिलशहाकडे गेला आणि १५४३ पासून मात्र साष्टी व बारदेश हे दोन्ही महाल पोर्तुगीजांच्या हाती स्थिर झाले.

किल्ल्याचे आता एक कमानदार द्वार, खंदकाच्या खुणा आणि थोडी पडझड एवढेच उरले आहे. पण त्याच्या आश्रयाने जी गावची इगर्ज उभी राहिली तिच्याविषयी मराठी वाचकाने अधिक माहिती करून घ्यावी, असे मला बरेच दिवस वाटत आले आहे. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रायतूर येथे १६१६ साली छापले गेले, हे वाक्य वाङ्मयेतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात असते. विद्यार्थी ते पाठ करतात. रायतूर हे कसले गाव, तेथे काय होते, आणि अकरा हजारांच्या घरात जाणाऱ्या ओव्यांचे मराठी पुराण नेमके तेथेच का निपजले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर पुष्कळ अंशी त्या वास्तूत आणि तिच्या जमिनीखाली आहे.

इगर्जीचे नाव ‘हिमाची माता’ ह्या अर्थाचे आहे. पोर्तुगीजांत ‘नोस्सा सेन्योरा दास नेव्हिस’. रोम नगरीत ऐन ऑगस्टात एका टेकडीवर हिम पडले आणि त्या खुणेवर मरियेचे मंदिर उभारले गेले, अशी युरोपातील जुनी आख्यायिका आहे. तिचा सण ५ ऑगस्टला येतो. साष्टीत त्या दिवसांत आषाढ-श्रावणाचा पाऊस धो धो कोसळत असतो, खाजण शेते पाण्याने तुडुंब असतात आणि हिम म्हणजे काय हे गावात कोणी पाहिलेले नसते! परक्या देवतेबरोबर परके हवामानही कसे येते, ह्याचे हे गमतीचे उदाहरण म्हणावे लागेल.

इमारत आज जशी दिसते तशी ती एकाच वेळी झालेली नाही. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे साष्टीत जेज्वित पाद्र्यांचे काम सुरू झाले त्या पहिल्या पिढीतच, येथे इगर्ज होती. पुढे तिची डागडुजी व पुनर्रचना झाली. साष्टीच्या ग्रामीण इगर्जींची जी साधी घडण असते तीच येथेही समजावी. भिंती जांभ्या दगडाच्या. जांभा खाणीत असता मऊ असतो व वारा लागला की कठीण होतो, परंतु पावसाचा मारा त्याला सोसत नाही. म्हणून त्यावर चुन्याचा जाड गिलावा आणि दर पावसाळ्यानंतर सफेदीचा हात. ही शुभ्रता हौसेची खरी, पण त्याहून अधिक ती गरजेची आहे. एक-दोन वर्षे चुना चुकला तर भिंत काळी पडते आणि शेवाळ चढते. जुन्या काळी खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे लाकडी चौकटींत बसवीत. त्यांतून येणारा प्रकाश दुधासारखा असतो. समोर मोकळे अंगण, अंगणात क्रूस. आत शिरताच डोक्यावर गायकांचा सज्जा, मग एकच लांब दालन, शेवटी कमान आणि कमानीपलीकडे सोनेरी मुलाम्याची, खांबाखांबांची वेदी.

ह्या एकाच दालनाकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. आमच्या चालुक्यकालीन देवळांची रचना दर्शनासाठी असते. सभामंडप, अंतराळ, गर्भगृह असे प्रकाशातून अंधारात नेणारे टप्पे, मध्ये खांबांची दाटी, आणि भोवती प्रदक्षिणेची वाट. माणूस तेथे फिरतो, थांबतो, वाकून पाहतो आणि बाहेर पडतो. पुराण व कीर्तन होते ते सभामंडपात, देवाच्या साक्षीने. परंतु वास्तू मुळात त्यासाठी आखलेली नसते. जेज्वितांची इगर्ज ही प्राधान्याने ऐकण्याची जागा आहे. मध्ये खांब नाहीत, कारण सर्वांस सर्व दिसले व ऐकू आले पाहिजे. बाजूच्या भिंतीत, लोकांच्या डोक्यांहून उंच, लाकडी प्रवचनपीठ. त्यावर आवाज खाली परतवणारे लाकडी छत्र. गोव्यातील कित्येक इगर्जींत ह्या पीठाच्या तळाशी नागकन्या कोरलेल्या आढळतात. त्या तेथे का आल्या ह्याविषयी पंडितांचे एकमत नाही. मला तर वाटते, सुताराच्या हाताला जे वळण होते ते त्याने सोडले नाही, आणि पाद्र्याने त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावून घेतला.

आता जमिनीकडे पाहावे. गोव्यातील जुन्या इगर्जींची फरसबंदी म्हणजे थडग्यांच्या शिळांचीच असते. मनुष्य चालतो तो पूर्वजांच्या नावांवरून. राशोलच्या इगर्जीत अशी एक शिळा दियोगु रोद्रिगिश नावाच्या किल्लेदाराची आहे. तो १५७७ मध्ये वारला. त्याच्या थडग्यावर त्याचे नाव आहे, तो ह्या किल्ल्याचा कप्तान होता असे आहे, आणि त्याने ह्या प्रदेशातील देवळे पाडली, असेही आहे. मृत माणसाविषयी जगाने काय लक्षात ठेवावे हे थडग्यावर लिहितात. रोद्रिगिशच्या माणसांना हेच लिहावेसे वाटले.

ती बढाई पोकळ नव्हती. १५६७ च्या मोहिमेत त्याने साष्टीतील सुमारे २८० देवळे उद्ध्वस्त केली असे इतिहासकार सांगतात. त्याच्या आधीच, १५६० च्या सुमारास, पुढचे चिन्ह ओळखून लोकांनी आपले देव नदीपार नेण्यास आरंभ केला होता. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास. ही सर्व ठिकाणे अंत्रुज महालातली, आणि अंत्रुज तेव्हा आदिलशाहीत होता. राशोलच्या काठावर उभे राहिले की झुआरीपलीकडे तोच किनारा दिसतो. देवळांमागे राहिलेल्या जमिनींचे उत्पन्न नव्या धर्माच्या कामाकडे वळविण्यात आले. तेव्हा इगर्जीची भिंत चढली ती कोणाच्या पैशाने, हे वेगळे सांगावयास नको.

थॉमस स्टीफन्स २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास उतरला तेव्हा रोद्रिगिश मरून दोन वर्षे झाली होती. स्टीफन्स इंग्रज, विल्टशरचा, जन्म १५४९ चा. स्वदेशी कॅथलिकांस थारा नाही म्हणून तो रोमला जाऊन जेज्वित झाला होता. म्हणजे सत्तेने धर्म लादला की काय होते ह्याचा अनुभव त्यास घरीच मिळाला होता. त्या अनुभवाने त्याचे मन साष्टीच्या लोकांविषयी मृदू झाले काय? झाले असावे असे मानण्याचा मोह पडतो, परंतु पुराव्याशिवाय असे म्हणणे योग्य होणार नाही. एवढे खरे की सुमारे चाळीस वर्षे, १६१९ मध्ये मरेपर्यंत, तो साष्टीच्याच गावांतून राहिला आणि तेथील भाषा त्याने त्या काळच्या कोणाही युरोपीयाहून अधिक खोल आत्मसात केली.

त्याच्या आरंभीच्या वर्षांतच राशोलच्या इगर्जीवर एक प्रसंग आला. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी गावात नवी इगर्ज बांधण्यासाठी जागा पाहावयास गेलेल्या पाच जेज्वितांना व त्यांच्यासोबतच्या कित्येक ख्रिस्ती लोकांना गावकऱ्यांनी ठार मारले. त्या पाचांत रुदोल्फो आक्वाव्हीवा होता, जो नुकताच अकबराच्या दरबारातून परतला होता. प्रेते मिळवून आणण्याच्या कामी स्टीफन्स पुढे होता, आणि ती राशोललाच ह्या इगर्जीत पुरण्यात आली. १५९७ मध्ये त्यांच्या अस्थी गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात नेल्या, आणि तेथून १८६२ मध्ये जुन्या गोव्याच्या कॅथेड्रलात. ह्या हत्येचा सूड असा घेतला गेला की कुंकळ्ळीच्या सोळा नायकांना बोलणीच्या मिषाने असोळण्याच्या कोटात बोलावून ठार केले; एकटा खाडीत उडी टाकून वाचला. त्या नायकांना मात्र कोठे शिळा मिळाली नाही. कुंकळ्ळीत त्यांचे स्मारक झाले ते आपल्या काळात.

म्हणजे स्टीफन्स ज्या इगर्जींच्या परिसरात वावरत होता, तेथे देवळे पाडणाऱ्याचे थडगे होते आणि इगर्ज बांधू पाहणाऱ्यांचीही थडगी होती. ‘ख्रिस्तपुराणा’चे बोल ह्या भूमीवर उमटले आहेत. मराठीच्या स्तुतीच्या त्याच्या ओव्या आपण कौतुकाने पाठ म्हणतो, व्याख्यानांच्या आरंभी वापरतो, आणि परक्यानेही आमच्या मायबोलीला केवढा मान दिला म्हणून धन्य होतो. ते कौतुक अस्थानी नाही. पण पुराणाच्या आरंभी त्याने स्वतःच जी हकीकत घातली आहे ती आपण भराभर ओलांडून जातो.

ती अशी. साष्टीत एका रविवारी, मुलांना धर्मोपदेश शिकवून झाल्यावर, एक ब्राह्मण पाद्रीगुरूपुढे येतो आणि म्हणतो की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी तशीच दुसरी आम्हांस का रचून देत नाही? हा नवख्रिस्ती ब्राह्मण आहे; तो भांडत नाही, मागणे मागतो. मात्र त्या मागण्यात एक तक्रार दडलेली आहे, आणि स्टीफन्सने ती लपविली नाही. काव्याचे निमित्त म्हणून त्याने तीच पुढे मांडली. कथेला उत्तर कथेनेच द्यावे लागते, प्रश्नोत्तरी पाठ करून मन भरत नाही, हे त्या मनुष्याने पाद्र्याला शिकविले असे म्हटले पाहिजे. ‘ख्रिस्तपुराणा’चा खरा प्रेरक हा निनावी श्रोता होय, असे माझे मत आहे.

वर्ज्य केलेली ती पुराणे गेली कोठे? काही जाळली गेली, काही लपविली गेली, आणि काही पाद्र्यांच्याच पेट्यांत गेली. १५५८-५९ च्या सुमारास एका ख्रिस्ती झालेल्या तरुणाने एका ब्राह्मणाच्या घरून, वर्षानुवर्षे जमवलेल्या पोथ्या अधिकाऱ्यांच्या परवानगीने उचलून आणल्या, असे तत्कालीन जेज्वित पत्रांतून कळते. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात रोमन लिपीत उतरलेली जी बाडे आज आहेत, त्यांत रामायण-महाभारताच्या कथा आहेत, कोकणी गद्यात आणि मराठी पद्यातही. लोकांना ज्या कथा वाचण्याची बंदी होती त्या पाद्री लोक भाषा शिकण्यासाठी काळजीपूर्वक उतरवून घेत होते! स्टीफन्सची ओवी अशा शिक्षणातून घडली. तिची चाल एकनाथांच्या ओवीची आहे. नाथ समाधिस्थ झाले १५९९ मध्ये, आणि पुराण पुरे झाले त्यानंतर पंधरा-सोळा वर्षांत. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो, तारणाला मोक्ष. क्रूस, बाप्तिस्मा यांसारखे थोडे शब्द तेवढे परके ठेवतो. ऐकणाराच्या कानात जी लय आधीच होती तिच्यावरच त्याने नवी कथा चढविली.

आणि ही कथा ऐकली गेली ती त्या एकाच लांब दालनात. रविवारी व सणांच्या दिवशी, पूजाविधी आटोपल्यावर, इगर्जींतून पुराणवाचन होत असे. ज्या वास्तूत विधी लॅटिन भाषेत, कारभार पोर्तुगीजांत आणि फरशीवरील अक्षरे पोर्तुगीजांत, तीत लोकांना समजणारा व लोकांनी ओळखलेला आवाज एवढाच होता. पुराणिकाला सभामंडपात जे स्थान होते ते येथे नव्या पुराणाला मिळाले. ज्या गावातून देऊळ गेले त्या गावात देवळातील एक सायंकाळ तरी परत आली, असे त्या पहिल्या श्रोत्यांना वाटले असेल. वाटले असेल हा माझा तर्क. परंतु पुराण तीनदा छापावे लागले, १६१६, १६४९ आणि १६५४ मध्ये, हे तर्काला पोषक आहे.

छपाईच्या बाबतीत एक खंत नोंदवावयास हवी. स्टीफन्सने १६०८ मध्ये रोमला आपल्या वरिष्ठांकडे लिहिलेल्या पत्रात देशी अक्षरांचे खिळे पाडण्याची परवानगी मागितली होती. ती इच्छा फळास आली नाही. ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला, आणि मराठी मुद्रित ग्रंथाच्या पहिल्या पानावर बाळबोध अक्षरे येण्याचा योग दोनशे वर्षे दूर गेला. इगर्जीजवळच टेकडीवर जेज्वितांचे भव्य कॉलेज १ नोव्हेंबर १६०६ रोजी पायाभरणी होऊन १६१० मध्ये उभे राहिले होते; येथल्या छापखान्यातून पुराणानंतर स्टीफन्सची कोकणी ‘दौत्रीन’ १६२२ मध्ये, आणि त्याचे कोकणी व्याकरण, त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये निघाले. भारतीय भाषेचे छापलेले पहिले व्याकरण म्हणून त्याचा लौकिक आहे. खेड्यातील एका टेकडीने एवढे करावे हे थोडे नव्हे.

ह्या सर्वांवर पडदा पडला तो भाषेच्याच निमित्ताने. १६८३ च्या अखेरीस संभाजी महाराजांच्या फौजा साष्टीत शिरल्या, मडगाव त्यांच्या हाती आले आणि राशोलच्या किल्ल्यास वेढा पडला. मोगल जवळ आल्यामुळे त्या परतल्या, परंतु पोर्तुगीज सत्तेची गाळण उडाली होती. लागलीच २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी देशी भाषा सोडून तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज बोलावे. हुकमाने भाषा मरत नाही, तशी कोकणीही मेली नाही. पण ग्रंथांना लागणारा आश्रय गेला. १७५९ मध्ये जेज्वितांचीही हकालपट्टी झाली. तीनही आवृत्त्यांतील एकही छापील प्रत आजवर कोणास सापडलेली नाही.

पुराण वाचले ते कर्नाटकात. गोव्याहून छळामुळे, दुष्काळामुळे, लढायांमुळे जे ख्रिस्ती लोक दक्षिणेस कानडा किनाऱ्यावर गेले, त्यांनी हस्तलिखित प्रती बरोबर नेल्या. कानडी व तुळू भाषांच्या मुलखात, घरी कोकणी बोलणाऱ्या ह्या कुटुंबांनी ही मराठी ओवी रोमन अक्षरांत उतरून ठेवली. त्या प्रतींवरूनच जोसेफ सालढाणा ह्यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे ग्रंथ पुन्हा छापला. पुढे लंडनमधील मार्सडन संग्रहात देवनागरी प्रत उजेडात आली. शांताराम बंडेलू ह्यांनी १९५६ मध्ये पुण्यास देवनागरी आवृत्ती काढली. आम्ही सीमाभागातील माणसे भाषेच्या हद्दींवरून इतकी वर्षे वाद घालीत आलो आहोत. आमच्या जुन्या मराठीतील एक मोठा ग्रंथ कर्नाटकाच्या किनाऱ्याने अडीचशे वर्षे सांभाळला, ही गोष्ट त्या वादात कोणी काढल्याचे मला आठवत नाही.

राशोलच्या टेकडीवरील कॉलेज आज धर्मप्रांताचे सेमिनार आहे. १९९४ मध्ये तेथे ख्रिस्ती कलेचे संग्रहालय झाले होते. ते २००२ मध्ये जुन्या गोव्यास सांता मोनिका मठात नेले. गावची इगर्ज आपल्या जागी आहे. तिच्या दारातून थोडे चालून गेले की नदी लागते. पलीकडच्या काठी, अंत्रुजात, साष्टीहून गेलेल्या देवांची देवळे आहेत. तो महाल पोर्तुगीजांकडे गेला तो १७६३ मध्ये, जुना आवेश ओसरल्यावर. त्यामुळे तेथील सभामंडपांतून मराठी पुराणे व कीर्तने अखंड चालू राहिली. सतराव्या शतकात, १६१६ नंतर एक-दोन पिढ्या तरी, झुआरीच्या दोन्ही काठांवर रविवारी-एकादशीला एकाच चालीच्या ओव्या वाचल्या जात असत, आणि मध्ये होडी होती.